मधली भाषा : मणिपुरी क्रमशः प्रणयकथांविषयी

मागच्या दोन व्याख्यानांत आपण लाज या भावनेचा विचार केला. त्यावर एका श्रोत्याने लेखी प्रश्न पाठवला आहे : शृंगार आणि चावटपणा यांच्यात रेघ नेमकी कुठे ओढायची? या प्रश्नाला एका वाक्याच्या व्याख्येने उत्तर द्यायचा प्रयत्न पुष्कळांनी केला आणि त्यातल्या बहुतेक व्याख्या दुसऱ्या-तिसऱ्या उदाहरणातच गडगडल्या. म्हणून आज व्याख्या बाजूला ठेवू आणि एक उदाहरण नीट उलगडून बघू. उदाहरण आपल्या अंगणातलं नाही, मणिपूरचं आहे.

मणिपुरी भाषेत गेली काही वर्षं एक लेखनप्रकार फोफावला आहे. प्रौढ वाचकांसाठीच्या प्रेमकथा, भागाभागाने लिहिलेल्या, मोबाईलवर लिहिलेल्या आणि मोबाईलवरच वाचल्या जाणाऱ्या. लेखकाचं नाव बहुधा टोपण असतं. समाजमाध्यमांवरच्या गटांत एक भाग येतो, खाली वाचक 'पुढचा कधी' म्हणून तगादा लावतात, मग दुसरा भाग येतो. त्यात प्रेम असतं, विरह असतो, आणि जिथे जुन्या कादंबरीत प्रकरण संपून पडदा पडायचा, तिथे या कथा पडदा पाडत नाहीत. याला कुणी साहित्य म्हणत नाही. विद्यापीठात यावर पेपर नाही, ग्रंथालयात कपाट नाही. आपल्याकडे फूटपाथवर पिवळी पुस्तकं विकली जायची, त्यांना जो मान होता तोच यांना. तरी आम्हाला वाटतं की भाषा या विषयावर गंभीरपणे बोलायचं असेल तर या कथांपाशी थोडा वेळ थांबायला हवं.

आधी थोडी भूमी. मणिपुरी म्हणजे मैतैलोन, मैतै लोकांची भाषा. इंफाळच्या खोऱ्यातली ही भाषा डोंगराळ भागातल्या निरनिराळ्या जमातींनाही एकमेकांशी बोलायला उपयोगी पडत आली आहे. आसामातलं बराक खोरं, त्रिपुरा, बांगलादेश, म्यानमार इथेही ती बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत भारतात तिचे साडेसतरा लाखांवर भाषक नोंदले गेले. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्या-जिल्ह्याएवढी लोकसंख्या. साहित्य अकादमीने तिला १९७२ मध्ये मान्यता दिली आणि १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. गोव्याच्या श्रोत्यांना ही तारीख ओळखीची असेल, कारण त्याच घटनादुरुस्तीने कोंकणी आणि नेपाळीही आत आल्या.

आता लिपीचा प्रश्न. हा प्रश्न समजला नाही तर पुढचं काहीच समजणार नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

मणिपुरीची जुनी लिपी मैतै मयेक. अठराव्या शतकात राजा पामहैबा, ज्याला गरीबनिवाज म्हणतात, त्याच्या काळात वैष्णव धर्म राजधर्म झाला, जुने ग्रंथ जाळले गेले असं परंपरा सांगते, आणि पुढे बंगाली लिपी रुळली. ती इतकी रुळली की विसाव्या शतकातलं जवळजवळ सगळं आधुनिक मणिपुरी साहित्य बंगाली लिपीत आहे. मग जुनी लिपी परत आणण्याची चळवळ झाली. १९८० मध्ये सरकारने तिला मान्यता दिली, २००५-०६ पासून ती शाळांत पायरीपायरीने आली. मधे, एप्रिल २००५ मध्ये, लिपीच्या आंदोलनात इंफाळचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय जाळलं गेलं. लिपीच्या प्रेमापोटी पुस्तकं जळली. इतिहासाला असल्या गोष्टींची लाज वाटत नाही. अखेर जानेवारी २०२३ मध्ये इंफाळची मणिपुरी वर्तमानपत्रंही मैतै मयेकमध्ये छापली जाऊ लागली.

याचा परिणाम घरात काय झाला बघा. आईने बंगाली लिपीत शाळा केली. मुलीने मयेकमध्ये. दोघी एकच भाषा बोलतात, एकाच चुलीवरचं जेवतात, पण एकीचं पुस्तक दुसरीला वाचायला जड जातं. बराक खोऱ्यातला मणिपुरी माणूस बंगाली लिपीतच शिकला. मयेक संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात आली २००९ मध्ये, आणि हातातल्या फोनवर ती सहज उमटू लागायला त्यानंतरही वेळ लागला. तोवर लोकांनी काय करायचं? लोकांनी रोमन अक्षरं उचलली, जशी आपली मुलं 'कसा आहेस' हे रोमनमध्ये लिहितात तशी. या प्रणयकथा बहुतांशी याच तिसऱ्या, बेवारस लिपीत लिहिल्या गेल्या.

बेवारस हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. रोमन मणिपुरीला शुद्धलेखनाचे नियम नाहीत. 'प्रेम' या अर्थाचा शब्द नुंशिबा. तो कुणी 'एस'नंतर 'एच' घालून लिहितो, कुणी एच गाळतो. मणिपुरी ही सुरांची भाषा आहे, सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलू शकतो, आणि रोमन लिहिताना सूर दाखवायची सोय कुणी ठेवत नाही. तरीही वाचणारा अडखळत नाही. तो मनात मोठ्याने वाचतो, आणि आवाज झाला की शब्द ओळखू येतो. म्हणजे हे लिखाण डोळ्यांसाठी कमी आणि कानासाठी जास्त आहे. शाळेने ज्याला मातृभाषा नीट वाचायला शिकवली नाही, किंवा एका लिपीत शिकवून दुसऱ्या लिपीच्या जगात सोडून दिलं, असा तरुण वाचक पन्नास-पन्नास भागांची मणिपुरी कथा रात्री जागून संपवतो. भाषेच्या कुठल्या समितीला हे जमलं असतं? आम्ही स्वतः अशा समित्यांवर बसलेले आहोत, म्हणून विचारतो.

आता कथा भागाभागाने का? फोनचा पडदा लहान म्हणून, हे उत्तर अर्धंच खरं आहे. मणिपूरला गोष्ट अशी तुकड्यातुकड्यांनी ऐकायची सवय फार जुनी आहे. 'वारि' म्हणजे गोष्ट, 'वारि लिबा' म्हणजे गोष्ट सांगण्याची तिथली परंपरागत कला. एकटा कथेकरी बसतो आणि महाभारत-रामायणातले प्रसंग रंगवून सांगतो. आपल्या कीर्तनकारांचा तो लांबचा भाऊ म्हणा. पेना नावाचं तंतुवाद्य वाजवत मोइरांगच्या खंबा आणि थोइबीची कथा गाणारे गायकही आहेत. खंबा अनाथ, बहिणीने वाढवलेला. थोइबी राजकन्या. मधे एक बलाढ्य प्रतिस्पर्धी. कसोट्या, कारस्थानं, ताटातूट, आणि शेवटी लग्न. पण कथा तिथे संपत नाही. बायकोच्या निष्ठेची परीक्षा घ्यायला खंबा रात्री परका पुरुष बनून येतो, ती अंधारात भाला फेकते, तो मरतो, आणि तोच भाला ती स्वतःत खुपसून घेते. हिजाम अंगांघल यांनी विसाव्या शतकात या कथेचं महाकाव्य केलं. ज्या समाजाची सर्वात लाडकी प्रेमकथा संशयाच्या एका रात्रीवर मोडते, त्या समाजाच्या आजच्या कथांत दर तिसऱ्या भागात संशय येणारच.

क्रमशः या शब्दात एक तत्त्वज्ञान दडलेलं आहे. प्लेटोच्या 'सिंपोझियम'मध्ये सॉक्रेटिस डायोटिमा नावाच्या स्त्रीकडून ऐकलेली गोष्ट सांगतो. इरॉस, म्हणजे काम, हा दारिद्र्य आणि युक्ती यांचा मुलगा. आईकडून त्याला कायमची उणीव मिळाली, बापाकडून ती उणीव भरून काढायच्या हजार खटपटी. भरतमुनींनी शृंगाराचे संभोग आणि विप्रलंभ असे दोन भाग केले, आणि आनंदवर्धनाने माधुर्याचं माप विप्रलंभाच्या पदरात जास्त टाकलं. क्रमशः कथा या दोन्ही गोष्टी वाचकाला शिकवत बसत नाही, त्याच्यावर त्यांचा प्रयोग करते. मंगळवारी भाग संपतो तेव्हा दारावर थाप पडलेली असते. शुक्रवारपर्यंत दार उघडत नाही. या तीन दिवसांत वाचकाची जी अवस्था असते तीच नायिकेची. ज्यांना वाटतं की असल्या कथांत सगळं उघडंवाघडं असतं, त्यांनी मोजून बघावं : एखाद्या प्रसंगाआधी चौदा-पंधरा भाग नुसती वाट पाहणंच चालू असू शकतं.

हा संथपणा कोरियन मालिकांतूनही आला असावा, असं आमचं मत आहे. २००० साली तिथल्या एका सशस्त्र संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली, चित्रपटगृहांतून ते गेले. ती जागा स्थानिक व्हिडिओ चित्रपटांनी भरली आणि घराघरांत कोरियन मालिका आल्या. हात हाती यायला आठ भाग लावणारी प्रेमाची रीत एका पिढीने तिथून पाहिली. पण कथांचं सामान मात्र अस्सल तिथलं आहे. याओशांगच्या दिवसांत, म्हणजे आपल्या होळीच्या सुमारास, चांदण्यात मुलंमुली हातात हात धरून गोल नाचतात, त्याला थाबल चोंगबा म्हणतात. प्रेमकथेला याहून सोयीची सुरुवात कुणाला सुचणार? आणि पळून जाणं! मैतै समाजात मुलगी प्रियकराबरोबर पळून जाणं हा लग्नाचा एक ओळखीचा, जवळजवळ रूढ रस्ता आहे. मुलाकडचे लोक नंतर मुलीच्या घरी वर्दी द्यायला जातात, बोलणी होतात, आणि रुसवा सरला की लौखत्पा नावाच्या विधीने मुलीच्या माहेरचे ते लग्न स्वीकारतात. आपल्याकडे पळून जाणं म्हणजे कथेचा शेवट किंवा पोलिसांत तक्रार. तिथे ते मधलं प्रकरण. पळून गेल्यानंतरची पहिली रात्र, सकाळची धास्ती, आई काय म्हणेल याची हुरहूर, हे सगळं या कथांना आयतं मिळालेलं आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

आमचा एक जुना विद्यार्थी इंफाळ खोऱ्यातला. आता तो स्वतः मास्तर आहे. त्याने आम्हाला या प्रकारातल्या काही कथा वाचून दाखवल्या, मणिपुरीत वाचायचा आणि हिंदीत सांगायचा. एक गोष्ट आमच्या लक्षात आली. प्रेमाचं संभाषण असलं की तो हिंदीत सांगे. प्रसंग पुढे सरकला की त्याची हिंदी संपे आणि तो इंग्रजीत, डॉक्टरांच्या इंग्रजीत, भराभर सांगून मोकळा होई. आम्ही म्हटलं, मूळ शब्द काय आहे ते तर वाच. तो म्हणाला, "सर, शब्द वाईट नाही. साधाच आहे. पण तुमच्यासमोर तोंडातून निघत नाही."

शब्द वाईट नाही पण निघत नाही. मित्रहो, हा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. मराठीत शरीरसंबंधाविषयी बोलायला आपल्याकडे तीन पेट्या आहेत. एक संस्कृतची : समागम, मैथुन, रतिक्रीडा. हे शब्द बोलताना माणूस पंचांग वाचतोय असं वाटतं. दुसरी शिव्यांची. तिथले शब्द जिवंत आहेत, पण ते उच्चारताच प्रेम खोलीतून निघून जातं. तिसरी इंग्रजीची, तिथे सगळं सोयीस्कर आणि परकं. नवरा-बायको आयुष्यभर एका खोलीत राहतात आणि या तिन्हींपैकी एकही पेटी उघडत नाहीत, खुणांवर निभावतात. दुखतंय हे सांगायला शब्द नाही. नको हे सांगायला तर नाहीच. आणि हवं हे सांगायला बाईने तोंड उघडलं तर तिलाच वळण लावायला चार जण धावतात.

यांच्यामध्ये एक भाषा असायला हवी. तिला आम्ही मधली भाषा म्हणतो. शिवीही नाही, मंत्रही नाही, दवाखान्यातला कागदही नाही. दोन प्रौढ माणसांनी मायेने आणि न घाबरता बोलायची. ती शब्दकोशात तयार करता येत नाही, कारण कोशकार शब्द गोळा करतो, घडवत नाही. ती वापरातच घडते, आणि वापर चारचौघांत होऊ शकत नाही. मग तो होणार कुठे? अशाच कुठेतरी, टोपणनावाने, रात्री, फोनच्या उजेडात. या मणिपुरी कथाकारांना दर भागात हा प्रश्न सोडवावा लागतो. इंग्रजी शब्द टाकला तर वाचक बाहेर फेकला जातो, शिवी टाकली तर नायिका उतरते, वैष्णव पदावलीतला शब्द घेतला तर मंदिराचा वास येतो. म्हणून ते साधी क्रियापदं घेतात, रोजची, स्वयंपाकाची, हवेची, पाण्याची, आणि त्यांना थोडं कलतं करतात. काही वेळा ते फार भिकार जमतं. काही वेळा असं जमतं की आमचा मास्तर वाचता वाचता गप्प होतो.

आणि गंमत अशी, की ज्या लिपीवरून तिथे एवढं रण माजलं, ती मैतै मयेक ही जगातल्या मोजक्या लिप्यांपैकी आहे जिच्यात शरीर उघडपणे नांदतं. तिच्या मूळ अक्षरांची नावं बहुतेक देहाच्या अवयवांवरून आहेत. कोक म्हणजे डोकं, साम म्हणजे केस, लाइ म्हणजे कपाळ, मित म्हणजे डोळा, ना म्हणजे कान, चिल म्हणजे ओठ, उन म्हणजे त्वचा, ई म्हणजे रक्त. पहिलीतलं मूल अक्षरं गिरवताना एक अख्खं शरीर गिरवतं. मोठं झाल्यावर त्याच शरीराविषयी लिहायला त्याला परक्या अक्षरांत लपावं लागतं.

भाषेची आणखी एक सोय सांगतो, ती आम्हाला फार आवडली. मणिपुरीत व्याकरणिक लिंग नाही. क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही. 'महाक' म्हणजे तोही आणि तीही. आता मराठीत टोपणनावाने प्रथमपुरुषी कथा लिहून बघा. 'मी दार उघडलं' इथवर निभावेल, पण 'मी आत गेलो' की 'मी आत गेले' यापाशी लेखकाला किंवा निवेदकाला आपलं लिंग सांगावंच लागतं. मणिपुरीत लागत नाही. निवेदक कोण, हे दहा भाग झाकून ठेवता येतं. लिहिणारी बाई असेल तर तिचं बाईपण क्रियापद फोडत नाही. दोन स्त्रियांची किंवा दोन पुरुषांची प्रेमकथा सर्वनाम न अडखळता वाहू शकते. लहान समाजात, जिथे प्रत्येक जण प्रत्येकाच्या मावशीला ओळखतो, तिथे लिहिणाऱ्या बाईला व्याकरणाने दिलेला हा बुरखा किती मोलाचा आहे हे आम्ही काय सांगावं. आमच्या 'आम्ही गेलो'मध्येही तसा थोडा आडोसा आहेच.

बुरख्यावरून आठवलं. मणिपूरचा रास आपण सगळ्यांनी निदान चित्रात तरी पाहिला आहे. राजा भाग्यचंद्राच्या काळात, परंपरेने १७७९ मध्ये, तो सुरू झाला असं मानतात. गौडीय वैष्णव विचारात राधेचं कृष्णावरचं प्रेम परकीया प्रेम आहे, लग्नाबाहेरचं, आणि म्हणूनच सर्वोच्च, कारण त्यात मिळवण्यासारखं काही नाही आणि गमावण्यासारखं सगळं आहे. आता वेश बघा : चेहऱ्यावर झिरझिरीत पदर, कमरेखाली पिंपासारखा ताठ घागरा, शरीराची एक रेषा दिसत नाही. प्रेमाचा सर्वात बंडखोर सिद्धांत आणि सर्वात झाकलेलं शरीर एकाच अंगणात. ज्या समाजाने अडीच शतकांच्या आसपास हे एकत्र पाहिलं, त्याला प्रेम आणि मर्यादा यांच्यातला ताण नवा नाही. तिथल्या कादंबरीनेही तो उचलला. लमाबम कमल यांची 'माधवी' आली १९३० मध्ये. अंगांघल यांच्या 'जहेरा'त हिंदू तरुण आणि मुसलमान तरुणीचं प्रेम आहे. महाराजकुमारी बिनोदिनी यांनी १९७६ मध्ये 'बोर साहेब ओंगबी सनातोंबी' लिहिली : राजकन्या सनातोंबी आणि ब्रिटिश पोलिटिकल एजंट मॅक्सवेल यांचं नातं. राजघराण्यातल्या स्त्रीने राजघराण्यातल्या 'बदनाम' स्त्रीची बाजू मांडली, आणि त्या कादंबरीला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्या फोनवरच्या कथा त्या उंचीच्या नाहीत. पण वंशावळ हीच.

आता कायदा, कारण रेघ ओढायचा अधिकार शेवटी तिथे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ अश्लील मजकूर प्रसारित करण्याला पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं, ६७ अ हे लैंगिक कृतीच्या उघड चित्रणाला पाच वर्षांपर्यंत. साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठी असलेल्या लिखाणाला अपवाद आहे. पण साहित्य कुणी ठरवायचं? या बाबतीत आपल्या मराठी माणसाने देशाला एक उत्तर मिळवून दिलेलं आहे. १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा आली. अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयात ते दोषी ठरले, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. तुकडे काढून वाचू नका, संपूर्ण कथा वाचा, आणि समाजाच्या समजुती बदलत असतात हे ध्यानात घ्या, असा त्या निकालाचा रोख होता. काकोडकर काही समीक्षकांचे लाडके नव्हते. लोकप्रिय, भरमसाट लिहिणारे कादंबरीकार. कायद्याची वाट त्यांच्यासारख्यांनीच रुंद केली. पुढे २०२४ मध्ये 'कॉलेज रोमान्स' या वेबमालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६७ आणि ६७ अ यांच्याच संदर्भात म्हटलं की शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे.

न्यायालयाचं हे ठीक. पण आमची स्वतःची कसोटी विचाराल तर ती अभिनवगुप्ताकडून उसनी घेतलेली आहे. साधारणीकरण. काव्यातली शकुंतला वाचताना ती कुणाची तरी मुलगी, कुणाची शेजारीण राहत नाही. भाव व्यक्तीपासून सुटतो, म्हणून परक्याच्या शयनगृहात डोकावल्याचं पाप वाचकाला लागत नाही. आता या कथांच्या दुनियेतली खरी घाण कुठे आहे ती बघा. ओळखीच्या मुलीचं नाव, गल्ली, कॉलेज घालून लिहिलेली 'कथा'. कुणाच्या तरी प्रोफाइलवरून उचललेला फोटो मुखपृष्ठ म्हणून. तिथे साधारणीकरण मोडलं. ती कथा उरली नाही, ती एका जिवंत, न विचारलेल्या बाईवर केलेली कृती झाली. त्या खालोखाल आमचा राग आहे 'नाही म्हणजे हो' या साच्यावर. नायिका नकार देते, नायक ऐकत नाही, आणि तीन परिच्छेदांत तिला ते आवडू लागतं. हा साचा मणिपुरीची मक्तेदारी नाही, सगळ्या भाषांत बोकाळलेला आहे, पण जी भाषा नकाराचा शब्द नुकता कुठे घडवते आहे, तिथे तो शब्दच खोटा पाडणं ही मोठी चोरी आहे. यावर मुलींनी, तरुणांनी कथेखालीच हरकत घ्यावी. ती हरकत हीच समीक्षा.

कपडे किती, हा हिशेब किती फसवा आहे हे मणिपूरइतकं कुणी शिकवलेलं नाही. जुलै २००४ मध्ये थांगजम मनोरमा हिच्या हत्येनंतर बारा स्त्रिया इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर विवस्त्र होऊन उभ्या राहिल्या. त्याला अश्लील म्हणणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. आणि जुलै २०२३ मध्ये एक चित्रफीत बाहेर आली, मे महिन्यात जमावाने दोन स्त्रियांची धिंड काढली त्याची. त्या फितीबद्दल इथे जास्त बोलणार नाही. एका प्रसंगात स्त्रियांनी स्वतःचं शरीर स्वतःच्या इच्छेने शस्त्र केलं, दुसऱ्यात त्यांची इच्छा पायदळी तुडवली गेली. 'नग्न' हा शब्द दोन्हींना लागतो. मधल्या भाषेची गरज फक्त शयनगृहात असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी या दोन घटना शेजारी ठेवून फरक कुठल्या शब्दांत सांगता येतो ते बघावं.

त्या २०२३ चा या कथांशीही संबंध आहे. ३ मे रोजी मैतै आणि कुकी-झो समाजांत हिंसाचार भडकला, दोनशेहून अधिक माणसं मेली, हजारो छावण्यांत गेली, आणि इंटरनेट तोडलं गेलं. जुलैच्या अखेरीस अटींवर ब्रॉडबँड आलं, पण समाजमाध्यमं बंदच. मोबाईलवरचं इंटरनेट मधे दोन-चार दिवस येऊन पुन्हा गेलं आणि बहुतेक भागांत परतलं ते डिसेंबरच्या सुरुवातीला. सात महिने. जिथे जिवाचीच शाश्वती नव्हती तिथे गोष्टींचं काय, असं कुणी म्हणेल. आमच्या मास्तराने असं म्हटलं नाही. तो म्हणाला की संचारबंदीत संध्याकाळी काम नसायचं, वीज असली तर फोन चार्ज असायचा, आणि त्यात आधीच उतरवून ठेवलेले जुने भाग लोक पुन्हापुन्हा वाचायचे. त्याच्या बायकोने एका कथेचे एकोणीस भाग वहीत उतरवून काढले होते, शेजारणीला द्यायला. रोमनमधून तिने ते मयेकमध्ये लिहिले. शेजारीण बंगाली लिपीतली, म्हणून मग तिला वाचून दाखवले.

विसावा भाग डिसेंबरनंतरही आला नाही. टोपणनाव असल्यामुळे लेखक कोण, कुठल्या बाजूच्या गावातला, घर उरलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. वाचक अजून त्या एकोणिसाव्या भागाखाली अधूनमधून विचारतात.

वेळ झाली आहे. इथे थांबतो. लेखी प्रश्न आले असतील तर ते घेऊ.